पुढं काय करायचं असतं?

स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा बहुतेकांनी सहलीच्या, गॅदरिंगच्या आणि छड्यांच्या आठवणी लिहायचं कबूल केलं. त्या सगळ्या मलाही वाचायच्या आहेत. मी मात्र थोडा इतिहास लिहिणार आहे. इतिहासात मला कधी साठच्या वर गुण मिळाले नाहीत, हे बाईंना आठवत असेलच. तरीही लिहिते, कारण या इतिहासाची सुरुवात माझ्यापुरती आपल्याच वर्गात झाली.

नववी ब ची हजेरी आठवते का? १९९४ च्या गणपतीच्या सुट्टीनंतर बाई २६ वरून एकदम २८ वर जायच्या. २७ नंबर कोणी उच्चारत नसे. तो आपल्यातला सर्वांत चांगला पोहणारा होता, तरी त्या दिवशी नदीला पाणी वेगळंच होतं. आपण सात-आठ जण काठावर होतो. पलीकडे म्हशी धुणारे काका कपड्यांसकट पाण्यात शिरले आणि त्यांनी त्याला बाहेर काढलं. फार वेळ गेला नव्हता, एवढं मला नक्की आठवतं.

मग गर्दी जमली. कोणी त्याला पाय धरून उलटं केलं. कोणी पोट दाबलं. कोणी नाकाला कांदा लावला. कोणीतरी म्हणालं, हात लावू नका, पोलीस पंचनामा होईल. अर्ध्या तासाने टेम्पो मिळाला. तालुक्याला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आपल्यातल्या निदान पाच-सहा जणांनी स्काउट-गाईडच्या वहीत 'कृत्रिम श्वासोच्छ्वास : होल्गर निल्सन पद्धत' याची आकृती काढलेली होती. मीही काढली होती, बाणांसकट. काठावर उभं असताना ती आकृती कोणालाच आठवली नाही.

पुढे बारावीनंतर इंजिनिअरिंगला जाण्याआधी मी एकदा नदीवर गेले होते. काका भेटले. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर त्यांनी खाली बघत विचारलं, "पोरी, काढला तर मी त्याला. पण पुढं काय करायचं असतं गं?" मला उत्तर येत नव्हतं. काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

२०१८ मध्ये आमच्या कंपनीत दोन तासांचं प्रथमोपचार प्रशिक्षण झालं. मीटिंग रूमच्या जमिनीवर एक रबरी पुतळा ठेवला होता आणि आम्ही प्रोग्रॅमर मंडळी पाळीपाळीने त्याच्या छातीवर दाब देत होतो. शिकवणारे जाता जाता म्हणाले, ही पद्धत शोधणाऱ्यांत एक इलेक्ट्रिकल इंजिनिअर होता. त्या वाक्याने मी अडकले. घरी येऊन वाचायला लागले आणि काकांचा प्रश्न अडीचशे वर्षं जुना आहे, हे कळलं.

ॲम्स्टरडॅम हे कालव्यांचं शहर. अंधारात, धुक्यात, दारूच्या नशेत माणसं कालव्यात पडत. त्यांना बाहेर काढलं तरी पुढे काय करायचं ते लोकांना ठाऊक नसे. शिवाय बुडालेल्या माणसाला सरकारी अधिकारी येईपर्यंत हात लावायचा नाही, असा समज पसरलेला होता. १७६७ मध्ये तिथल्या काही नागरिकांनी बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था काढली. अशा प्रकारची ही जगातली पहिलीच. तिने दोन गोष्टी केल्या. एक, काय करायचं याच्या सोप्या सूचना छापून वाटल्या : अंग गरम करा, चोळा, तोंडाने श्वास द्या. दोन, जो कोणी वाचवेल त्याला बक्षीस जाहीर केलं. वाचवणारा कोणीही असो. पहिल्या चार वर्षांत दीडशे जण वाचल्याचा संस्थेचा दावा होता आणि त्या हकिगती तिने छापूनही काढल्या. साध्या माणसांनी कोणाचा जीव कसा वाचवला, याच्या नोंदी ठेवण्याची पद्धत तिथून पडली.

त्या हकिगती टॉमस कोगन या डॉक्टरने इंग्रजीत आणल्या. त्यांनी आणि विल्यम हॉज यांनी १७७४ मध्ये लंडनच्या एका कॉफी हाउसमध्ये मित्रमंडळी जमवून तशीच संस्था उभी केली. तीच पुढे 'रॉयल ह्यूमन सोसायटी' झाली. हॉज तर त्याआधीपासून, टेम्स नदीतून काढलेलं माणूस वेळेत आपल्याकडे आणणाऱ्याला पदरचे पैसे देत असत. नव्या संस्थेने प्रयत्न करणाऱ्यालाही पैसे ठेवले आणि यश आलं तर जास्त. ओल्या, निपचित माणसाला दारात घेणाऱ्या खाणावळवाल्यालाही पैसे मिळत. साहजिकच काही महाभागांनी जोडी जमवली : एकाने बुडायचं, दुसऱ्याने काढायचं. मग रोख बक्षिसं कमी करून पदकं सुरू झाली.

या सूचनांतल्या सगळ्याच शहाणपणाच्या नव्हत्या. बुडालेल्याच्या गुदद्वारातून भात्याने तंबाखूचा धूर सोडायचा, हा त्या काळातला मान्यवर उपचार होता. आपल्या नदीकाठच्या कांद्याला मी आता हसत नाही. माहिती नसली की माणूस हाताशी असेल ते करतो, मग ते लंडन असो की आपलं गाव.

विचित्र गोष्ट पुढेच आहे. तोंडाने श्वास देण्याची बरोबर असलेली युक्ती नंतर मागे पडली. परक्याच्या तोंडाला तोंड लावणं अनेकांना किळसवाणं वाटे. भात्याने जोरात हवा भरली तर फुप्फुसांना इजा होते, हेही दिसून आलं. मग १०० वर्षं वेगवेगळ्या डॉक्टरांनी हात वर-खाली करायच्या, पाठ दाबायच्या पद्धती काढल्या. डेन्मार्कच्या लष्करातल्या होल्गर निल्सन यांची १९३२ ची पद्धत त्यातलीच. माणसाला पालथं घालायचं, पाठ दाबायची, मग कोपरांना धरून हात उचलायचे. ती जगभर शिकवली गेली आणि आपल्या वहीत येऊन बसली. १९९४ मध्ये आपण आकृती काढत होतो, तेव्हा ती पद्धत मागे पडून ३० हून अधिक वर्षं झाली होती. म्हणजे नदीवर ती आठवली असती तरी फारसा उपयोग नव्हता. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

१९५० च्या दशकात अमेरिकेत जेम्स एलम आणि पीटर सफार या भूलतज्ज्ञांनी जुनी युक्ती पुन्हा उचलली. बाल्टिमोरमध्ये सफारनी स्वयंसेवकांना औषधाने असं निपचित केलं की त्यांना स्वतःहून श्वास घेता येऊ नये. मग दुसऱ्यांना त्यांच्यावर निरनिराळ्या पद्धती वापरायला सांगितलं. पाठ दाबून, हात उचलून आत फारशी हवा जातच नव्हती. डोकं मागे झुकवून, हनुवटी वर करून तोंडाने श्वास दिला की छाती फुगत होती. आणि महत्त्वाचं म्हणजे श्वास देणाऱ्यांत वैद्यकीय शिक्षण नसलेली माणसंही होती. त्यांनाही ते जमलं.

राहिलं हृदय. विल्यम कौवेनहोवेन हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. विजेच्या तारांवर काम करणारे लाइनमन शॉक लागून मरत, म्हणून वीज कंपन्यांच्या पैशातून त्यांचं संशोधन चाललं होतं. थरथरणारं हृदय विजेच्याच झटक्याने पुन्हा ताळ्यावर आणायचं यंत्र ते बनवत होते. १९५८ मध्ये त्यांचा विद्यार्थी गाय निकरबॉकर, तोही इंजिनिअर, कुत्र्यावर प्रयोग करताना यंत्राच्या जड पट्ट्या छातीवर दाबत होता. वीज सोडण्याआधीच रक्तदाबाची रेघ थोडी वर गेलेली त्याला दिसली. दुसऱ्या कोणी ती रेघ यंत्रातली गडबड म्हणून सोडून दिली असती. त्याने विचार केला, नुसत्या दाबण्याने रक्त पुढे सरकतं आहे. तोवर बंद पडलेलं हृदय चालवायला छाती उघडून ते हातात धरत असत. ते शल्यविशारदाचंच काम. आता दोन तळहात पुरणार होते. जेम्स ज्यूड या सर्जनसह त्या दोघांनी १९६० मध्ये निबंध प्रसिद्ध केला. २० रुग्णांपैकी १४ वाचले होते. हे कोणालाही, कुठेही करता येईल आणि त्याला दोन हातांशिवाय काही लागत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. विद्यापीठाने कौवेनहोवेन यांना १९६९ मध्ये वैद्यकशास्त्राची मानद पदवी दिली.

पद्धत मिळाली, पण सराव कशावर करायचा? नॉर्वेतल्या स्टावांगर गावात ओस्मुंड लेर्डाल हे खेळणी बनवत. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा एकदा पाण्यात पडून बुडता बुडता वाचला होता. डॉक्टर मंडळींनी शिकवण्यासाठी पुतळा हवा म्हटल्यावर या माणसाने बाहुल्या करण्याचं आपलं कसब पणाला लावलं. १९६० मध्ये 'ॲन' तयार झाली. तिचा चेहरा पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या अनोळखी मुलीचा म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुखवट्यावरून घेतला आहे. छातीत स्प्रिंग घाला म्हणजे दाब द्यायचा सरावही होईल, हे सफारनी सुचवलं. आमच्या मीटिंग रूममधला पुतळा तिच्याच वंशातला.

आता वाटेल, इतकं झाल्यावर सगळ्यांना शिकवायला काय हरकत होती? हरकत होती. १९६६ च्या अमेरिकेतल्या परिषदेत छाती दाबण्याचं काम वैद्यकीय प्रशिक्षण घेतलेल्यांनीच करावं, असं ठरलं. सामान्य माणसाच्या हातून बरगडी मोडेल, काहीतरी चुकेल, ही भीती. त्याच वर्षी सफार यांची शाळेत जाणारी मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. दवाखान्यात पोहोचण्याआधीची मिनिटं वाया जातात, हे त्यांना घरातच दिसलं. १९६७ मध्ये पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीतल्या बेरोजगार तरुणांना निवडून 'फ्रीडम हाउस' नावाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. त्यांचं शिक्षण सफारनी आखलं. त्याआधी तिथे आजाऱ्याला न्यायला पोलिसांची गाडी येई आणि त्याला मागे टाकून नेई. लोकांनी नोकरीला नालायक ठरवलेली ही मुलं रस्त्यावर माणसं जगवू लागली. आजच्या पॅरामेडिकची सुरुवात सांगताना त्यांचं नाव घ्यावंच लागतं. १९७५ मध्ये शहराने ती सेवा बंद करून आपली काढली. जीव वाचवून दाखवल्यावरही त्यांच्यावर विश्वास टाकायला लोक तयार नव्हते.

सिॲटलमध्ये मात्र लेनर्ड कॉब या हृदयरोगतज्ज्ञांनी आणि अग्निशमन दलाने १९७२ पासून दिसेल त्याला शिकवायला घेतलं. काही वर्षांतच एक लाखाहून अधिक लोक शिकले. १९७३ च्या परिषदेत मतही बदललं. सामान्य माणसांना शिकवा, असं ठरलं.

हे सगळं वाचून झाल्यावर माझ्या मनात आपल्या नदीकाठचं एकच वाक्य उरलं : "हात लावू नका." आपल्याकडे अज्ञानापेक्षा ही भीती मोठी होती. आणि ती अगदीच खोटी नव्हती. पोलीस केस म्हणून एक दवाखाना जखमीला दुसरीकडे पाठवी. असाच एक स्कूटरवाला वाटेत मेल्याच्या बातमीवरून परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की आधी उपचार, कागदपत्रं नंतर. तरीही रस्त्यावरच्या माणसाची भीती गेली नाही. २००७ मध्ये दिल्लीत शाळेतून घरी निघालेला एक मुलगा अपघातात जखमी होऊन रस्त्यावर पडला, लोक बघत राहिले आणि तो गेला. त्याचे नात्यातले भाऊ पीयूष तिवारी यांनी २००८ मध्ये 'सेव्हलाइफ फाउंडेशन' काढलं आणि २०१२ मध्ये याचिका केली. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे नियम बंधनकारक केले. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम १३४ अ आलं. अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्यावर खटला नाही, नाव सांगायची सक्ती नाही. म्हणजे ॲम्स्टरडॅमने १७६७ मध्ये जो समज पुसायला घेतला, तो पुसायला आपल्याला २०१९ उजाडलं.

आता माझी एक गोष्ट, आणि ती थोडक्यात. २०२२ मध्ये आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनकाका खुर्चीवरून कोसळले. हाक मारली, उत्तर नाही. श्वास नाही. मागून कोणीतरी म्हणालंच, "मॅडम, हात नका लावू." माझे हात कापत होते. १०८ ला फोन लावायला सांगितलं आणि छातीच्या मधोमध तळहात ठेवले. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, एवढं पाठ होतं. पण लय सापडेना. मग तोंडातून आपोआप पीटीच्या सरांची कवायत निघाली, "एक-दोन-तीन-चार". जोरात, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी. हाताखाली काहीतरी कटकन वाजलं. बरगडी असावी. थांबावंसं वाटलं. थांबले नाही. दोन मिनिटांत माझा दम संपला, तेव्हा लिफ्ट दुरुस्त करायला आलेला मुलगा पुढे झाला. "ताई, सरका, मला दाखवा," म्हणाला. मी मोजत होते, तो दाबत होता. रुग्णवाहिकेच्या डॉक्टरांनी विजेचा झटका दिला. काका वाचले. आता ते गावी असतात.

मी कौतुकासाठी हे सांगत नाही. त्या दिवशी ते गेलेही असते. बरेच जण जातात, आणि तसं झालं तरी दाबणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं. मदत न मिळाल्यास दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका कितीही वेगाने आली तरी पहिली काही मिनिटं जवळच्या माणसाची असतात. तिथे डॉक्टर नसतो. म्हशी धुणारे काका असतात, लिफ्टवाला मुलगा असतो, नववी ब असते.

म्हणून काकांना तेव्हा देता आलं नाही ते उत्तर इथे लिहून ठेवते. काका, उलटं करायचं नव्हतं, पोटही दाबायचं नव्हतं. त्यात वेळ जातो. उताणं झोपवायचं. डोकं मागे करायचं. बुडालेल्याला आधी श्वास हवा असतो, म्हणून नाक धरून तोंडाने पाच श्वास. मग छातीच्या मधोमध ३० दाब, पुन्हा २ श्वास, पुन्हा ३० दाब, मदत येईपर्यंत. बुडालेला नसून कोणी असाच अचानक कोसळला आणि श्वास देणं जमत नसेल तर नुसते दाब, न थांबता. तुम्ही तुमचं काम केलं होतंत. पुढचं आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, आणि जे शिकवलं होतं ते जुनं झालेलं होतं.

संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत दुपारी 'मुक्त गप्पा' असा दोन तासांचा वेळ आहे. त्यातला एक तास मला द्या. पुतळ्याची आणि शिकवणाऱ्यांची सोय मी केली आहे. सध्या नववीत असलेल्या मुलामुलींनाही बोलवायचं मुख्याध्यापकांनी मान्य केलं आहे. आपल्यातल्या काहींचे गुडघे आता जमिनीवर टेकत नाहीत, त्यांनी मोजायचं काम करावं. पीटीचे सर येणार आहेत, लय चुकली तर ते सांगतीलच.

आणि त्या दिवशी बाई हजेरी घेणार आहेत, असं कळलं. २७ नंबर या वेळी घ्या, बाई. "हजर" आम्ही सगळे मिळून म्हणू.